गावाच्या आरोग्यासाठीचा सरकारी निधी : कोणाकडे, कधी आणि कसा मागावा

ग्रामपंचायतीवर प्रथमच निवडून आलेले सदस्य, ग्राम आरोग्य समितीवर किंवा रुग्ण कल्याण समितीवर नेमले गेलेले नागरिक, बचत गटातून आरोग्याच्या कामाकडे वळलेल्या भगिनी आणि नव्या आशाताई यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. मी स्वतः अशा समितीवर काम केले आहे. उपकेंद्राच्या गळक्या छतापासून औषधांच्या तुटवड्यापर्यंतचे विषय घेऊन ग्रामपंचायत, तालुका आरोग्य कार्यालय आणि जिल्हा परिषद या तिन्ही ठिकाणी फिरल्यावर माझे असे मत झाले की आपल्या मागण्या बहुतेक वेळा पैसा नसल्यामुळे अडत नाहीत. ज्या कार्यालयाकडे त्या कामाचे लेखाशीर्षच, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाचे खातेच, नाही तेथे आपण अर्ज देतो, किंवा निधीचे नियोजन होऊन गेल्यावर देतो, म्हणून त्या अडतात. पुढील माहिती महाराष्ट्राच्या ग्रामीण भागापुरती आहे. महानगरपालिका आणि नगरपालिका यांची व्यवस्था वेगळी असल्याने ती येथे घेतलेली नाही.

१. आधी गरजेची जात ओळखा

अर्ज लिहिण्यापूर्वी आपली मागणी खालीलपैकी कोणत्या प्रकारात बसते ते ठरवावे, कारण प्रत्येक प्रकाराची वाट वेगळी आहे.

किरकोळ आणि तातडीचा खर्च, म्हणजे परिसर स्वच्छता, डासांची उत्पत्तीस्थाने नष्ट करणे, बाळांचे वजन घेण्याचा काटा दुरुस्त करणे, बैठकीसाठी सतरंज्या घेणे, हा गाव समितीच्या किंवा उपकेंद्राच्या अबंधित, म्हणजे एका ठरावीक बाबीला न बांधलेल्या, निधीतून होतो. इमारतीची दुरुस्ती आणि नवे बांधकाम जिल्हा वार्षिक योजनेतून किंवा राज्याच्या अर्थसंकल्पातून होते. औषधे आणि यंत्रसामग्री यांचा मुख्य पुरवठा वरून होतो. स्थानिक पातळीवर खरेदी करता येते, पण ती केवळ तूट भरून काढण्यापुरती. रिक्त पदे मात्र कोणत्याही स्थानिक निधीतून भरता येत नाहीत. मंजूर पद रिक्त असेल तर नियुक्तीची मागणी करावी लागते, आणि पदच मंजूर नसेल तर ते आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, आणणे हा मंत्रालय पातळीवरचा विषय होतो. गावात परिचारिका नाही म्हणून ग्रामपंचायतीने ठराव करून तो तालुक्याला पाठवला, एवढ्याने पद निर्माण होत नाही.

याच टप्प्यावर संस्था कोणाच्या अखत्यारीत आहे हेही पाहून घ्यावे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते आणि त्यांचे प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी असतात. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय राज्य शासनाच्या थेट अखत्यारीत, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असते. अंगणवाडी आरोग्य विभागाची नसून महिला व बालविकास विभागाची आहे. ग्रामीण रुग्णालयातील बंद क्ष-किरण यंत्राबद्दलचा अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिला, तर तो "योग्य कार्यवाहीस्तव" एवढा शेरा घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर जात राहतो, आणि त्यात कोणाचीही चूक दाखवता येत नाही.

२. पैसा कोणत्या वाटेने येतो ते समजून घ्या

गावपातळीवरील आरोग्यसेवेत प्रामुख्याने चार प्रवाहांतून पैसा येतो.

पहिला प्रवाह राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा. २००५ साली ग्रामीण अभियान म्हणून ते सुरू झाले आणि २०१३ मध्ये शहरी अभियान जोडून त्याला आजचे रूप मिळाले. महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. पूर्वी केंद्राचे पैसे थेट राज्य आरोग्य सोसायटीच्या, म्हणजे अभियानाचा निधी सांभाळणाऱ्या राज्यस्तरीय संस्थेच्या, खात्यात जमा होत. २०१४-१५ पासून ते आधी राज्याच्या कोषागारात येतात आणि तेथून सोसायटीकडे वर्ग होतात. वाटेतला हा एक थांबा वाढल्यामुळे एप्रिलपासून अपेक्षित असलेली रक्कम गावात पोहोचायला दिवाळी उलटते, आणि "निधी मंजूर आहे पण आलेला नाही" हे तालुक्यातील उत्तर पुष्कळदा खरे असते. राज्य आपला आराखडा केंद्राकडे पाठवते आणि केंद्र त्यातील बाबनिहाय मान्यतेचे इतिवृत्त प्रसिद्ध करते. आशांचा मोबदला, अबंधित निधी, रुग्णवाहिका, कंत्राटी कर्मचारी यांची मंजुरी त्या इतिवृत्तात सापडते.

दुसरा प्रवाह राज्य शासनाच्या स्वतःच्या अर्थसंकल्पाचा. नियमित कर्मचाऱ्यांचे वेतन, औषधे आणि मोठी बांधकामे यांचा भार तो उचलतो. तिसरा प्रवाह जिल्ह्याचा, म्हणजे जिल्हा नियोजन समितीचा निधी आणि जिल्हा परिषदेचा स्वनिधी. चौथा प्रवाह वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्यासाठी देशभरात ७०,०५१ कोटी रुपयांचे स्वतंत्र अनुदान सुचवले होते. इमारत नसलेल्या उपकेंद्रांची बांधकामे आणि प्राथमिक स्तरावरील तपासण्यांच्या सोयी त्यात येत होत्या. ग्रामपंचायतीला मिळणारे वित्त आयोगाचे नेहमीचे अनुदान यापासून वेगळे आहे. ही दोन अनुदाने एकच समजल्यामुळे ग्रामसभेत बरेच वाद होतात. आयोग बदलला की अटीही बदलतात, म्हणून चालू आयोगाचा शासन निर्णय हाताशी ठेवावा.

३. गावाची समिती जिवंत करा

प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असणे अपेक्षित आहे आणि तिला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळतो. रक्कम लहान आहे, पण गावाने स्वतः बसून ठरवायचा आरोग्याचा पैसा हाच आहे, म्हणून नवख्यांनी सुरुवात येथूनच करावी. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार समितीत किमान १५ सदस्य असावेत, त्यांपैकी निम्म्या तरी महिला असाव्यात आणि बैठक दरमहा व्हावी. खाते संयुक्त सहीने चालते.

समितीची पहिली बैठक मागण्यांची नसावी, तपासणीची असावी. पासबुक अद्ययावत करून घ्या. मागील तीन वर्षांत किती रक्कम जमा झाली आणि किती खर्च झाली ते लिहून काढा. बऱ्याच गावांत असे दिसते की सह्या करणाऱ्यांपैकी एक जण पदावरून गेला तरी बँकेत नाव तेच राहिले आहे आणि खाते गोठले आहे. अशा वेळी निधी मागण्यापेक्षा आधी सह्यांचे नमुने बदलून घेणे महत्त्वाचे.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. अबंधित निधी दरवर्षी सरसकट पूर्ण दिला जात नाही, तर शिल्लक पाहून त्यात भर घातली जाते. खात्यात ७,००० रुपये पडून असतील तर पुढील वर्षी पूर्ण १०,००० रुपये येतील अशी आशा धरू नये. पैसे जपून ठेवणे घरात शहाणपणाचे असले तरी या खात्यात त्यामुळे गावाचे नुकसान होते.

खर्च कशावर करता येतो? एकापेक्षा अधिक कुटुंबांना उपयोग होईल अशा सामुदायिक कामांवर. स्वच्छता मोहीम, पोषणविषयक कार्यक्रम, आरोग्य सर्वेक्षण, आरोग्य शिक्षण ही त्याची उदाहरणे आहेत. एखाद्या निराधार महिलेला किंवा अत्यंत गरीब कुटुंबाला आरोग्यसेवेसाठी मदत करणे अपवाद म्हणून मान्य आहे, परंतु त्याचे कारण इतिवृत्तात स्पष्ट लिहिले पाहिजे. गावातील एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना तपासणीसाठी नेण्याचा वाहनखर्च मी याच तरतुदीखाली बसवावा असे सुचवतो. घरच्या घरी होणाऱ्या शुश्रूषेकडे आपल्या समित्या फारसे पाहत नाहीत, आणि तिचा भार बहुधा घरातील सुनेवर किंवा मुलीवर पडतो. वेतन किंवा मानधन मात्र या निधीतून देता येत नाही.

दुसऱ्या विभागाकडे ज्याचा स्वतंत्र निधी आहे अशा कामावर समितीचे पैसे घालवू नयेत. पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारी टीसीएल पावडर ग्रामपंचायतीने आपल्या निधीतून आणायची असते. ती समितीच्या १०,००० रुपयांतून आणली, तर ग्रामपंचायतीची जबाबदारी सुटते आणि समितीचे वर्ष संपते. आरोग्य विभाग पाणी स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. आपल्या गावाला लाल किंवा पिवळे कार्ड मिळाले असेल तर त्याची प्रत मागून घ्या. ग्रामसभेत पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीचा आग्रह धरताना त्या कार्डाइतका बिनतोड पुरावा दुसरा नाही.

४. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा निधी तपासा

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या निकषांनुसार साध्या उपकेंद्राला वर्षाला २०,००० रुपये आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात रूपांतर झालेल्या उपकेंद्राला ५०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ही कमाल रक्कम १ लाख ७५ हजार रुपये आहे. पूर्वी अबंधित निधी २५,०००, वार्षिक देखभाल ५०,००० आणि रुग्ण कल्याण समिती १ लाख असे तीन भाग होते. त्यांची ही बेरीज आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ५ लाखांपर्यंतची तरतूद असते. या कमाल मर्यादा आहेत. प्रत्यक्ष किती मिळते ते रुग्णसंख्या, मागील खर्च आणि त्या वर्षीची मंजुरी यांवर ठरते.

आरोग्य मंदिरांसाठी २०२१ मध्ये जन आरोग्य समितीची रचना आली. केंद्राच्या सूचनेनुसार उपकेंद्र पातळीवरील समितीचे अध्यक्षपद सरपंचांकडे असते, तर समुदाय आरोग्य अधिकारी सदस्य सचिव असतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीत जिल्हा परिषद सदस्य अध्यक्ष आणि वैद्यकीय अधिकारी सदस्य सचिव असतात. आपल्या सरपंचांना आपण अशा समितीचे अध्यक्ष आहोत हे ठाऊक आहे का, हे एकदा विचारून पाहावे. अनेकांना ते केवळ सहीच्या वेळी कळते.

महाराष्ट्रात एक बदल झाला आहे आणि समितीच्या बैठकीत त्याचा हिशेब धरला पाहिजे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. रुग्णाच्या दृष्टीने हा निर्णय फार मोलाचा आहे. परंतु केसपेपर आणि तपासण्यांच्या शुल्कातून रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात जो ओघ येत होता तोही त्यामुळे थांबला. किरकोळ दुरुस्त्या आणि तातडीची खरेदी यांसाठी तो पैसा हाताशी असे. आता अभियानाच्या अनुदानावर आणि देणग्यांवरच भिस्त असल्याने अनुदान उशिरा आले तर केंद्राच्या दैनंदिन गरजा लगेच अडतात. म्हणून वर्षाच्या सुरुवातीच्या बैठकीतच खर्चाचा क्रम ठरवून ठेवावा आणि रक्कम आली की त्या क्रमाने वापरावी.

वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलताना सुरुवात जमाखर्चाने करू नये असे माझे मत आहे. आधी "कोणती पाच औषधे वारंवार संपतात" हे विचारावे, मग साठा नोंदवही पाहावी, आणि त्यानंतर स्थानिक खरेदीसाठी किती रक्कम लागेल या विषयावर यावे. हिशेब मागायला आलेल्या सदस्याला फाइल दाखवली जाते. औषधांची अडचण समजून घ्यायला आलेल्या सदस्याला तीच फाइल समजावूनही सांगितली जाते.

५. ग्रामपंचायत विकास आराखड्यात आरोग्याची ओळ घाला

"आमचा गाव, आमचा विकास" या उपक्रमाखाली ग्रामपंचायत दरवर्षी विकास आराखडा तयार करते. साधारणपणे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून हे काम सुरू होते आणि पुढील आर्थिक वर्षासाठीचा आराखडा जानेवारीपर्यंत ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवला जातो. जे काम आराखड्यात नाही त्यावर वित्त आयोगाचा पैसा खर्च करता येत नाही. त्यामुळे १ मेच्या ग्रामसभेत कितीही जोरात मागणी केली तरी ती त्या वर्षासाठी उशिराचीच ठरते.

पंधराव्या आयोगाच्या नेहमीच्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित आणि ४० टक्के अबंधित होती. त्या अबंधित भागातून वेतन आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. महाराष्ट्रात या अनुदानाचे वाटप ग्रामपंचायत ८० टक्के, पंचायत समिती १० टक्के आणि जिल्हा परिषद १० टक्के असे होत असे. याशिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के रक्कम राखून ठेवायची असते. दिव्यांगांसाठीची रक्कम वर्षानुवर्षे न वापरलेली आढळते. व्हीलचेअर, कुबड्या, श्रवणयंत्र यांसारख्या साहित्याची मागणी तेथे करावी.

अनुसूचित क्षेत्रातील गावांसाठी आणखी एक वाट आहे. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींसाठीच्या कायद्याखालील, ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के इतका अबंध निधी थेट मिळतो आणि त्याच्या ठरवून दिलेल्या विषयांत आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण हा एक गट आहे. नंदुरबार, पालघर, गडचिरोली अशा जिल्ह्यांतील वाचकांनी या निधीच्या बैठका चुकवू नयेत, कारण त्यात ग्रामसभेचा शब्द इतर कोणत्याही निधीपेक्षा अधिक चालतो.

ठरावाच्या मसुद्याकडे बारकाईने लक्ष द्या. "आरोग्य सुविधा सुधाराव्यात" असा ठराव कोणालाही बांधून ठेवत नाही. "उपकेंद्राच्या आवारात प्रसूतीसाठी येणाऱ्या महिलांकरिता नळजोडणीसह शौचालय बांधावे आणि त्याचा खर्च सन अमुकच्या आराखड्यातील अबंधित अनुदानातून करावा" असा ठराव हवा. सूचक आणि अनुमोदक यांची नावे, ठराव क्रमांक आणि दिनांक असलेली प्रत त्याच आठवड्यात मागून घ्यावी. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेणे कायद्याने आवश्यक आहे. तेथे विषय आधी मंजूर झाला असेल तर मुख्य सभेत तो सहसा मागे ढकलला जात नाही.

६. इमारत हवी असेल तर जिल्ह्याकडे जा

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. तिच्या वार्षिक योजनेचे सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि आदिवासी असे भाग असतात. आरोग्य केंद्रांचे बांधकाम, दुरुस्ती आणि साहित्य यांसाठी त्यात तरतूद होते. पुढील वर्षाचा प्रारूप आराखडा थंडीच्या दिवसांत आकार घेतो आणि जानेवारीच्या सुमारास समितीसमोर येतो. म्हणून आपला प्रस्ताव जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिवाळीच्या आत पोहोचला पाहिजे.

प्रस्तावासोबत लागणारी कागदपत्रे अशी :

• ग्रामसभेच्या ठरावाची प्रमाणित प्रत
• जागेचा सातबारा उतारा किंवा गावठाणातील जागेचा नमुना ८, आणि जागा दानात मिळाली असल्यास नोंदणीकृत बक्षीसपत्र
• जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाने केलेले अंदाजपत्रक
• इमारतीच्या सद्यःस्थितीची दिनांकासह छायाचित्रे, आणि इमारत धोकादायक असल्यास अभियंत्याचा तसा दाखला
• कार्यक्षेत्रातील गावे, लोकसंख्या, मागील वर्षातील बाह्यरुग्ण आणि प्रसूती यांची संख्या, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीने
• वैद्यकीय अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांचे शिफारसपत्र

यांपैकी जागेचे कागद सर्वांत जास्त वेळ खातात. जागा तोंडी दिलेली असते, देणारे आजोबा हयात नसतात आणि वारसांपैकी एक जण मुंबईला असतो. इमारत मंजूर झाल्यावर जागा शोधणे म्हणजे मंजुरी परत पाठवणे होय. म्हणून जागेचे काम आराखड्याच्या एक वर्ष आधी सुरू करावे.

पूर्णपणे नवे उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र हवे असेल तर प्रश्न निराळा आहे. त्यासाठी साध्या भागात ५,००० आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तसेच अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. राज्याच्या बृहत आराखड्यात, म्हणजे मंजूर आरोग्य केंद्रांच्या राज्यस्तरीय आराखड्यात, नाव आल्याशिवाय जिल्हा स्तरावर कोणीही नवे केंद्र देऊ शकत नाही. नेत्यांच्या भाषणातून मिळालेल्या केंद्रांची नावे या आराखड्यात शोधून पाहावीत.

मंजुरीच्या पायऱ्याही ओळखीच्या असाव्यात. आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. "मंजूर झाले" असे कोणी सांगितले तर त्यांपैकी काय मंजूर झाले हे विचारावे आणि आदेशाचा क्रमांक टिपून घ्यावा. नियोजन समितीचा निधी जिल्हा परिषदेला पुढील आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत खर्च करता येतो. त्यानंतरही तो अखर्चित राहिला तर शासनाला परत जातो. जुन्या अपूर्ण कामांचे दायित्व आधी भागवावे लागत असल्याने नव्या कामांना उरणारी रक्कम आकड्यांत दिसते त्यापेक्षा कमी असते.

७. अर्थसंकल्पाची पुस्तके वाचायला शिका

ही पायरी बहुतेक जण सोडून देतात, आणि मला ती सर्वांत उपयुक्त वाटते. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो आणि त्याची प्रकाशने वित्त विभागाच्या संकेतस्थळावर मराठीतही असतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अनुदानाच्या मागण्या "आर" या अक्षराखाली छापतात. वैद्यकीय शिक्षण हा वेगळा विभाग असल्याने शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा खर्च येथे शोधू नये.

लेखाशीर्षांचे मोजके क्रमांक पाठ करावेत. २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्यावरील महसुली खर्च, २२११ कुटुंब कल्याण, ४२१० भांडवली खर्च म्हणजे प्रामुख्याने बांधकामे, आणि २२३६ पोषण. २२१० च्या खाली ०१ म्हणजे शहरी आरोग्य सेवा, ०३ म्हणजे ग्रामीण आरोग्य सेवा आणि ०६ म्हणजे सार्वजनिक आरोग्य. ०३ च्या खाली १०१ उपकेंद्रे आणि १०३ प्राथमिक आरोग्य केंद्रे. कोठेही ७९६ दिसले तर ती रक्कम आदिवासी क्षेत्र उपयोजनेची, आणि ७८९ दिसले तर अनुसूचित जाती उपयोजनेची. ओळीच्या शेवटी ०१ वेतन, २१ सामग्री व पुरवठा, ५३ मोठी बांधकामे अशी उद्दिष्टे, म्हणजे खर्चाच्या बाबी, असतात. औषधांसाठी किती ठेवले हे पाहायचे तर २१ च्या ओळी वाचाव्यात. एकूण तरतूद वाढली असे वर्तमानपत्रात छापून येते, तेव्हा ती वाढ ०१ मध्ये आहे की २१ मध्ये हे ज्याने पाहिले त्यालाच बातमी कळली असे समजावे.

प्रत्येक पानावर तीन प्रकारचे आकडे असतात : मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचे अर्थसंकल्पीय आणि सुधारित अंदाज, आणि पुढील वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. नवखे वाचक शेवटचा आकडा घेऊन बसतात. खरी गोष्ट अर्थसंकल्पीय अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांच्यातील फरकात असते. रकमा हजारांत आहेत की लाखांत हे पानाच्या माथ्यावर पाहिल्याशिवाय कोणताही आकडा उद्धृत करू नये. अधिवेशनांत पुरवणी मागण्याही मंजूर होतात, त्यामुळे मार्चमधील आकडा अंतिम समजू नये.

तरतूद आणि वितरण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विधिमंडळाने रक्कम मंजूर केली तरी वित्त विभाग ती टप्प्याटप्प्याने खर्चास उपलब्ध करून देतो, आणि हे बीम्स या निधी वितरणाच्या संगणक प्रणालीवर विभागनिहाय व योजनानिहाय पाहता येते. जिल्हा पातळीवरचे लिपिक "बीडीएस निघाली नाही" असे म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की वितरणाची चिठ्ठी अजून मिळालेली नाही आणि बिल कोषागारात सादर करता येत नाही. अशा वेळी त्या लिपिकाशी भांडण्यात अर्थ नाही. लेखाशीर्ष आणि वितरणाचा टक्का लिहून आमदारांना पत्र द्यावे. तयार आकडे असलेले पत्र विधिमंडळातील प्रश्नासाठी सहज वापरता येते.

धोरणाची मोजपट्टीही माहीत असावी. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ नुसार सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर जायला हवा होता, आणि पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी असे सुचवले होते. राज्याच्या एकूण खर्चात आरोग्याचा वाटा काढताना २२१०, २२११ आणि ४२१० एकत्र करावेत, नाहीतर वाटा असतो त्यापेक्षा कमी दिसतो आणि आपला मुद्दा समोरचा एका वाक्यात खोडून काढतो.

८. माहिती मागा, पण नेमकी

विनंती करूनही हिशेब मिळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज जोडपत्र "अ" मध्ये करावा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, विषय एकच असावा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तर ३० दिवसांत अपेक्षित असते. ते आले नाही किंवा अपुरे आले तर पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करावे.

"गेल्या दहा वर्षांतील सर्व खर्चाची माहिती द्यावी" असे लिहिले तर "प्रत्यक्ष येऊन पाहावे" हे उत्तर ठरलेले. त्याऐवजी असे लिहावे : "प्राथमिक आरोग्य केंद्र अमुक येथील जन आरोग्य समितीस सन अमुक या आर्थिक वर्षात प्राप्त झालेला अबंधित निधी, तो जमा झाल्याचा दिनांक, बाबनिहाय खर्च आणि उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत." एवढ्या एका अर्जातून पैसा किती आला, कधी आला आणि कोठे गेला हे तिन्ही कळते.

महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया चालू झाली. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत तिची सुरुवात झाली होती, आणि गावाने भरलेले सेवांचे गुणपत्रक व त्यावरची जनसुनवाई हा तिचा गाभा होता. आपल्या भागात ती आज चालू नसली तरी पद्धत उचलता येते. प्रसूती, लसीकरण, औषधे, कर्मचाऱ्यांची उपस्थिती यांना गावाने चांगले, मध्यम किंवा वाईट असा शेरा द्यावा आणि तो तक्ता घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना ग्रामसभेत बोलवावे. निधीच्या मागणीला असा तक्ता जोडलेला असेल तर ती एका सदस्याची राहत नाही.

९. खर्च झाला की त्याच आठवड्यात कागद पूर्ण करा

खर्चाचा ठराव, दरपत्रके, पावती, रोकडवहीतील नोंद आणि वस्तू असल्यास साठा नोंदवहीतील नोंद, हा क्रम मोडू नये. पावती समितीच्या नावाने असावी, सदस्याच्या नावाने नको. रक्कम शक्यतो रोखीने देऊ नये. आर्थिक वर्ष संपल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, वेळेत द्यावे, कारण ते वर पोहोचले नाही तर पुढील हप्ता अडतो आणि एका गावाच्या दिरंगाईचा फटका तालुक्यातील इतर गावांनाही बसू शकतो.

मार्चमधील खरेदीबद्दल विशेष सावध राहावे. निधी फेब्रुवारीत येतो, ३१ मार्चच्या आत संपवा असा निरोप येतो आणि ठरावीक पुरवठादार ठरावीक वस्तूंची यादी घेऊन दारात उभा राहतो. आपल्या समितीचा खर्चाचा क्रम एप्रिलमध्येच ठरलेला असेल आणि तो इतिवृत्तात असेल, तर त्या यादीला नकार देणे सोपे जाते. "वरून आदेश आहे" असे कोणी म्हटल्यास तो आदेश लेखी मागावा.

ग्रामपंचायतीची मुदत संपत आली की शेवटच्या बैठकीत पासबुक, धनादेश पुस्तिका, रोकडवही, ठरावांची वही आणि सर्व पावत्या यांची यादी करून ती ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांच्या, समक्ष सुपूर्त करावी आणि यादीच्या प्रतीवर सही घ्यावी. नव्या पदाधिकाऱ्यांनी समितीचा सह्या बदलण्याचा ठराव, निवडीचे पत्र आणि ओळखपत्रे घेऊन पहिल्या महिन्यातच बँकेत जावे.